खोडलेला अर्ज

अण्णांकडे जाताना पेन न्यायचं नाही, पेन्सिल न्यायची, असं आमच्या हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरच्या मॅडमनी मला बजावलं होतं. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या भाच्याची शिष्यवृत्ती अण्णांनी मार्गी लावली होती, एवढंच त्या सांगत. "माणूस विचित्र आहे, पण कागद त्यांना घाबरतो," असं म्हणाल्या.

मी तेव्हा सदतीस वर्षांची होते. बी.एस्सी.नंतर एक्स-रेचा डिप्लोमा केला, आणि तेरा वर्षं एका खासगी हॉस्पिटलात लोकांची मोडलेली हाडं बघत होते. आता ते सोडून तीन वर्षांचं एलएलबी करायचं डोक्यात घेतलं होतं. सीईटी दिली, मार्क बरे पडले. पण शिष्यवृत्ती मिळाल्याशिवाय कॉलेजात पाऊल टाकणं शक्य नव्हतं. मुलगी नववीत, नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान, आणि माझा पगार थांबणार. मोबाइलवर शिष्यवृत्त्या शोधत बसायची. एकीत माझं वय बसत नव्हतं. दुसरीत शिक्षणात दोन वर्षांपेक्षा जास्त खंड चालत नव्हता. तिसरीत सगळं बसत होतं, पण ती फक्त बारावीनंतरच्या मुलांसाठी होती हे अर्ज पूर्ण भरल्यावर कळलं. वाचून वाचून अशी अवस्था झाली होती की मला वकील व्हायचंय की नुसता अर्ज भरायचाय, हेच कळेना.

अण्णा शुक्रवार पेठेत राहायचे. खाली लोखंडी सामानाचं दुकान, वर दोन खोल्या, बरोबर त्यांची विधवा बहीण, अक्का. एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले होते. शिष्यवृत्तीची खिडकी त्यांच्याकडे चौतीस वर्षं होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. मी गेले तेव्हा ते अनवाणी बसून शेंगा सोलत होते. मी फाइल पुढे केली तशी त्यांनी हात मागे घेतला.

"थांबा," म्हणाले, आणि उठून आत गेले. आले ते पायात मोजे आणि काळे बूट घालून. फरशीवर टकटक करत येऊन खुर्चीत बसले आणि मग हात पुढे केला. "आना आता. ऑफिस सुरू झालं."

आतून अक्का ओरडली, "आत्ताच फरशी पुसली होती की रे!"

ती त्यांची रीत होती. बुटांशिवाय कुणाच्या कागदाला हात लावायचा नाही. साडेपाच वाजले की बूट काढायचे, आणि बूट काढल्यावर समोरच्याचा अर्ज अर्ध्या ओळीत अडकला असला तरी त्यावर एक शब्द बोलायचा नाही. मग ते शेंगांबद्दल बोलत, उन्हाबद्दल बोलत. मे महिन्यात त्या खोलीत पंखासुद्धा लावायचे नाहीत, कागद उडतात म्हणून. येणारा माणूस घामाने निथळायचा. हे कागदावरच्या प्रेमापोटी की माणसांच्या रागापोटी, ते मला कधी उमगलं नाही.

अर्ज ते शेवटच्या पानापासून वाचत. पहिल्या पानावर तुमचं नाव असतं, ते तुम्हाला माहीत असतं, म्हणायचे. नकार शेवटच्या पानावर बारीक अक्षरात बसलेला असतो. आणि वाचता वाचता दोनच शब्द बोलायचे, दोन्ही कानडी. एक "याक?" म्हणजे का. दुसरा "साकु", म्हणजे पुरे. लिहिणाऱ्याने एखादी ओळ जास्त लिहिली की साकु म्हणून ती खोडायची. पेन्सिल कशासाठी, ते मला तेव्हा कळलं.

सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज आधी भरायला घेतला. त्यात एक रकाना होता, पालकाचं नाव. मी नवऱ्याचं घातलं तर अर्ज परत आला, नातं जुळत नाही म्हणून. वडिलांचं घातलं तर त्यांच्या उत्पन्नाचा दाखला मागितला. माझे वडील सत्तरीचे, मंगळवेढ्यात भावाकडे राहतात, त्यांना कसलं उत्पन्न? अण्णांना सांगितलं तर त्यांना त्यात काही अवघड वाटलं नाही.

"तुमचं नाव घाला की. तुमाला पोसतंय कोण? तुमीच."

मी त्यांच्यासमोर मोबाइलवर माझं नाव घातलं. लाल अक्षरात उत्तर आलं, अर्जदार आणि पालक एकच असू शकत नाहीत. अण्णांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा वर केला आणि ते वाक्य कितीतरी वेळ बघत बसले. मला वाटलं काहीतरी तोड सांगतील.

"हे बरोबर न्हाय," एवढंच म्हणाले आणि मोबाइल परत दिला. ती शिष्यवृत्ती तिथेच संपली.

मग त्यांनीच एका ट्रस्टचं नाव काढलं. गावातल्या एका जुन्या व्यापारी घराण्याचा ट्रस्ट होता. नोकरी-धंदा करून पुन्हा शिकायला निघालेल्या माणसांसाठी, आणि तेही फक्त कायद्याच्या अभ्यासासाठी, दरवर्षी एक शिष्यवृत्ती. वयाची अट नाही. मला तर कुणी माझ्यासाठीच ती काढली आहे असं वाटलं. अर्जाबरोबर एक पत्र जोडायचं होतं, कायदा का शिकायचा आहे ते सांगणारं.

ते पत्र मी सहा वेळा लिहिलं. सहाही वेळा अण्णांनी खोडलं.

पहिल्या पत्रात मी समाजसेवा लिहिली होती. "याक?" म्हणाले. गेली ती ओळ. दुसऱ्यात लहानपणापासूनची आवड लिहिली. ती खोटीच होती, मलाच हसू आलं. तिसऱ्यात परिस्थिती लिहिली, तर ते चक्क चिडले. "रडकं कशाला लिवालाव? ह्यांच्याकडं सगळेच रडत येतेत."

चौथ्या वेळी मी खरी गोष्ट लिहिली. तीन वर्षांपूर्वी मला कोर्टाचं समन्स आलं होतं. अपघाताच्या नुकसानभरपाईची केस होती. टेम्पोची धडक बसून एका हमालाचा पाय मोडला होता, आणि त्याची एक्स-रे प्लेट मी काढली होती, हे मी शपथेवर सांगायचं होतं. मी पिंजऱ्यात उभी राहिले. वकिलांनी विचारलं, ही प्लेट तुम्ही काढली का? मी हो म्हटलं. सही तुमची का? हो. संपलं. पण त्या प्लेटवरची तारीख आणि फाइलमधल्या कागदावरची तारीख यांत चार दिवसांचा फरक होता. कागदावर चुकून पुढची तारीख पडली होती, आणि तेवढ्यावरून समोरचा वकील हमाल खोटं बोलतोय असं म्हणत होता. मला माहीत होतं की चूक आमच्या ऑफिसची आहे. मी सांगायला तोंड उघडलं तर समोरचा वकील म्हणाला, विचारलं तेवढंच सांगा. त्याच्या वकिलाने मला पुढचं काही विचारलंच नाही. हमाल बाकावर बसून माझ्याकडे बघत होता. मी खाली उतरले आणि घरी आले. त्याची केस गेली, असं पुढे ऐकलं.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा अर्धंच. अण्णांनी ते पत्र दोनदा वाचलं, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पेन्सिलीची एक तिरकी रेघ मारली.

"हे कागदावर नको."

"अण्णा, हे खरं आहे."

"म्हनूनच म्हनलं. नको."

"याक?" मी रागानेच विचारलं.

त्यांनी घड्याळात पाहिलं, वाकले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. साडेपाच वाजले होते.

शेवटी जे पत्र गेलं ते चार ओळींचं होतं. मी कोण, काय करते, कायदा शिकायचा आहे, भेटीत सविस्तर सांगेन. ते वाचून नवरा म्हणाला, हे पत्र आहे की चिठ्ठी? मला झोप लागेना. दुसरा कुणी चांगलं दोन पानी पत्र लिहून माझ्या पुढे जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

ऑगस्टमध्ये मुलाखतीला बोलावणं आलं. ट्रस्टच्या ऑफिसबाहेर बाक होतं. मी जिना चढून वर आले तर बाकावर अण्णा बसलेले. काळे बूट, मांडीवर फाइल. मला वाटलं, माझ्यासाठी आले. बरं वाटलं, लाज वाटली, सगळंच. म्हटलं, "अण्णा, तुम्ही कशाला त्रास घेतला?"

ते बाकावर जरा सरकले आणि म्हणाले, "बसा की. माझा नंबर तुमच्या आदी हाय."

मी त्यांच्या मांडीवरच्या फाइलकडे बघितलं. तिच्यावर त्यांचंच नाव होतं, खाली लिहिलं होतं, अर्जदार. त्यांनीही सीईटी दिली होती. वय वर्षं एकसष्ट.

आजही त्या पाच मिनिटांबद्दल मला नीट सांगता येत नाही. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि डोकं नुसतं भणभणत होतं. हा माणूस तीन महिने माझा अर्ज खोडत होता आणि त्याच जागेसाठी स्वतः उभा होता. माझी एकुलती एक खरी गोष्ट त्यानेच काढून टाकली होती. आणि ट्रस्टचं नावही त्यानेच मला सांगितलं होतं. न सांगता गप्प बसला असता तर मला कळलंही नसतं. मग सांगितलं का? आणि सांगितलं तर खोडलं का? मी विचारणार तेवढ्यात त्यांना आत बोलावलं.

चार मिनिटांत बाहेर आले. रुमालाने मान पुसली. "विचारलं, ह्या वयात कशाला. मी म्हनलं, वेळ जात न्हाय."

"एवढंच?"

"साकु की तेवढं."

आत तीन जण होते. मधे एक निवृत्त न्यायाधीश बाई. माझं चार ओळींचं पत्र त्यांच्यासमोर होतं. त्या म्हणाल्या, "यात तर काहीच नाही. भेटीत सांगेन म्हणता, मग सांगा." आणि मी सांगितलं. पिंजरा, प्लेट, चार दिवस, बाकावरचा हमाल. सांगताना मी कुठेतरी रडले बहुतेक. बाईंनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "हमालाच्या वकिलाच्या जागी तुम्ही असता तर काय विचारलं असतं?" मी प्रश्न सांगितला. एकच प्रश्न होता तो, तीन वर्षं माझ्या तोंडात अडकलेला.

शिष्यवृत्ती मला मिळाली.

पेढे घेऊन शुक्रवार पेठेत जायला मी आठ दिवस लावले. जावं की नाही तेच समजत नव्हतं. अण्णा शेंगा सोलत होते, अनवाणी. पेढा घेतला, अक्काला हाक मारून अर्धा दिला. मी विचारलंच, "तुम्ही माझी गोष्ट खोडली, ती मी तोंडी सांगावी म्हणून का?"

"कुटली गोष्ट?"

"कोर्टाची. हमालाची."

त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. "कागद लांब झालता," म्हणाले.

त्यांच्या तोंडाकडे मी बराच वेळ बघितलं. तिथे काही सापडलं नाही.

कॉलेज सुरू झालं आणि पहिल्या दिवशी पहिल्या बाकावर अण्णा. शिष्यवृत्ती नसतानाही त्यांनी प्रवेश घेतला होता. अक्का मला एकदा म्हणाली, "घरात बसून माझं डोकं खातो, म्हनून मीच धाडलं." अण्णा वर्गातल्या पोरांना सांगायचे, इंग्रजी सुधारायला आलोय. मला मुलाखतीबाहेर सांगितलं होतं, वेळ जात नाही. कारणं तीन, आणि अण्णांचा चेहरा मात्र तोच.

प्राध्यापक त्यांच्या मुलाच्या वयाचे. ते वर्गात आले की अण्णा उभे राहायचे, आणि प्राध्यापक ओशाळून आधी खाली बसायचे. पहिल्या परीक्षेत अण्णा चार विषयांत नापास झाले. सगळं पाठ असूनही. पंधरा मार्कांच्या प्रश्नाला त्यांनी चार ओळी लिहिल्या होत्या.

"अण्णा, पंधरा मार्क आहेत. दोन पानं तरी लिहा."

"उत्तर चारच ओळींचं हाय. बाकीचं काय लिवू?"

मग मी त्यांना लांब लिहायला शिकवायला बसले. त्याच खोलीत, पंखा बंद. मी म्हणायची, व्याख्या लिहा, मग तिचा अर्थ लिहा, मग उदाहरण द्या. ते लिहायचे, आणि माझं लक्ष नाही असं पाहून हळूच पेन्सिलीने खोडायचे. वर्षभरात ते चार ओळींवरून बारा ओळींवर आले. काही विषय सुटले, काही राहिले.

तिसऱ्या वर्षी कॉलेजचं कायदा-मदत शिबिर होतं, मंगळवेढ्याच्या पुढे एका गावात. शाळेच्या व्हरांड्यात टेबलं टाकली होती. लोक येतील, अडचण सांगतील, आम्ही लिहून घ्यायचं आणि सरांना विचारून सल्ला द्यायचा. अण्णा आणि मी एका टेबलावर होतो. दुपारी एक बाई आल्या. मेंढरं पाळणारं घर, वर्षातले सहा महिने कळपाबरोबर फिरतीवर. मुलगी दहावी झालेली, तिला शहरात एका वसतिगृहात घालायचं होतं.

"पोरीच्या तीन शाळा झाल्या ओ," बाई म्हणाल्या. "जितं मेंढरं, तितं शाळा. तीन दाखले हायेत. आफिसातला मानूस अर्जच घेत न्हाय. एका शाळेचा दाखला पायजे म्हनतो, तीनचं नियमात बसत न्हाय."

मी लिहून घेत होते. शेजारी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा उठले होते. चेहरा उतरलेला. ते व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, ऊन लागलं. बाईंचा नंबर मी घेतला, सरांना विचारून सांगते म्हटलं, आणि पाणी घेऊन अण्णांकडे गेले. त्यांनी पाणी घेतलं.

परतताना एस्टीत ते खिडकीशी बसले होते. दोन्हीकडे ज्वारीची कापून झालेली रानं. खिडकीकडेच बघत ते बोलायला लागले.

"आमच्या खिडकीला पन हेच होतं. तीन शाळांचे दाखले असले की अर्ज घ्यायचा न्हाय. नियमात बसत न्हाय म्हनायचं. चौतीस वर्षं म्हनलो मी."

"मग नियमच असेल तर तुम्ही तरी काय करणार?"

"ऐका की. रिटायर व्हायच्या वर्षी एक मानूस आला. धनगरच होता. ओरडला न्हाय, काय न्हाय. म्हनला, साहेब, तो नियम जरा दाखवा, लिवून घेतो, गावात सांगायला बरं. मी म्हनलं उद्या या. सगळ्या फायली काढल्या. परिपत्रकं काढली. दोन दिवस शोधलं." त्यांनी खिडकीची काच सरकवली. "नियम नव्हताच ओ. माझ्या आदीच्या हेडक्लार्कनं मला सांगितलं होतं. त्याला कुनी सांगितलं, द्येव जाने."

"मग त्या माणसाचा अर्ज घेतला ना?"

"तो आलाच न्हाय परत. त्याला वाटलं असनार, साहेबानं उद्या या म्हनलं, म्हंजे झालंच." त्यांनी हातातली फाइल विनाकारण सरळ केली. "आनि त्याच्या आदीचे किती गेले असतील. तोंडं पन आठवत न्हायत."

त्यांना दोष द्यावा, की काही चांगलं बोलून हलकं करावं? दोन्ही खोटं वाटलं. त्या मुलाखतीबद्दल मात्र विचारलं.

"अण्णा, हे मुलाखतीत का नाही सांगितलंत? त्यांनी विचारलं होतं की, कशाला शिकता म्हणून. हे सांगितलं असतं तर कदाचित तुम्हालाच मिळाली असती."

ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. खरंच रागावले होते.

"ह्याच्यावर शिष्यवृत्ती मागू व्हय?"



त्या बाईंचा नंबर त्यांनी माझ्याकडून मागून घेतला. पुढच्या सोमवारी पहिल्या एस्टीने गेले, त्या बाईंना घेऊन त्या ऑफिसात. साहेब रजेवर होते. गुरुवारी पुन्हा गेले. तेव्हा त्यांना दुपारपर्यंत बाहेर बसवून ठेवलं आणि नंतर या म्हणून सांगितलं. अक्का मला फोन करून बोलली, "ह्याला समजाव की गं, परीक्षा तोंडावर आलीय." मी समजावलं नाही. समजवायचं काय, तेच मला कळत नव्हतं. तिसऱ्यांदा गेले त्या दिवशी त्यांचा राहिलेल्या विषयाचा पेपर होता. तो त्यांनी दिलाच नाही.

मला ते संध्याकाळी कळलं. तडक शुक्रवार पेठेत गेले. अण्णा नुकतेच आले होते, अंगावर एस्टीची धूळ. अक्का रागाने आतल्या खोलीत भांडी आदळत होती.

"पेपर बुडवलात?"

"पुढच्या वेळी देतो."

"आणि त्या मुलीचं?"

"घेतला अर्ज. प्रवेश झाला."

"कसा काय? एवढे दिवस घेत नव्हते ते."

अण्णा खुर्चीत टेकले. बोलताना आवाज अगदी साधा होता.

"काय न्हाय केलं. म्हनलं, नियम दाखवा, मी हितंच बसतो. खिडकीवरच्या पोरानं कपाट उघडलं, फायली काढल्या, बिचाऱ्यानं दोन तास शोधलं. मग म्हनला, काका, नियम न्हाय हो." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. "इतकंच करायचं होतं की ओ. इतकंच."